एकेचाळिसावं पाकीट

६ जानेवारी, सोमवार. मुलुंड

पोचले गो एकदाची. कणकवलीची गाडी पाऊण तास उशिरा आली, पण अक्षता स्टॉपवर उभी होती. माझी नात. डॉक्टर आहे, आता एकोणतीस पुरी. माझ्या हातातली पिशवी घेताना म्हणाली, आजी, दगड भरून आणलेस काय? दगड कसले, कुळथाचं पीठ, कोकमं, फणसाची साठं. मुंबईत सगळं मिळतं म्हणते. मिळतं, पण त्याला चव असते का.

घर सातव्या मजल्यावर. खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणजे मला परकं वाटायला नको. ही वही तिनेच दिली, औषधाच्या कंपनीने फुकट वाटलेली. म्हणाली, रोज चार ओळी लिही, नाहीतर दिवसभर माझं डोकं खाशील. मी चौथी पास, पण अक्षर माझं चांगलं होतं, गुरुजी फळ्यावर सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे.

रात्री तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सगळी दहा वाजली. इडापिडा मला गो बाय. ती हसते, पण डोकं पुढे करते, लहानपणापासून. माझा मुलगा देवेश आणि सून हायवेवर अपघातात गेली तेव्हा ती अठराची. तालुक्याच्या दवाखान्यात कोवळा डॉक्टर हातात नळी घेऊन नुसता उभा राहिला होता, पुढे काय करायचं त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून ही इमर्जन्सीची डॉक्टर झाली. आता दुसऱ्या डॉक्टरांना शिकवण्यावर प्रबंध लिहिते. तिच्याशिवाय मला कोण आहे.

८ जानेवारी, बुधवार

मला नोकरी लागली. एकाहत्तराव्या वर्षी. गावात सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार नाही.

काम असं की आजारी पडायचं, म्हणजे खोटं. अक्षताच्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर शिकाऊ डॉक्टरांची खोली आहे. अर्धे डॉक्टर रबराच्या बाहुल्यावर शिकतात, अर्धे माझ्यासारख्या जिवंत माणसावर. कोण लवकर शिकतं ते हिला मोजायचंय. आधी बोरीवलीच्या वसुधाबाई यायच्या, त्या अचानक यायच्या बंद झाल्या. त्यांच्या सपाता अजून कपाटाखाली आहेत, निळ्या पट्ट्यांच्या. मी म्हटलं कोणी नेऊन द्या की. एका पोराने त्या पायाने आणखी आत सरकवल्या.

खोलीत साठ पाकिटं, तपकिरी, डकवलेली, प्रत्येकावर नंबर. दर खेपेला एक फोडायचं. आत कार्ड. कोण माणूस, वय काय, काय होतंय, आणि खाली शिक्का. हिरवा म्हणजे वाचला, लाल म्हणजे गेला. शिक्का मला एकटीला माहीत. लाल असला तर शेवटी डोळे मिटून पडायचं, म्हणजे डॉक्टर लोकांना नातेवाइकांना सांगायची सवय होते.

आज चौतिसावं. बाई, वय पन्नास, जबडा दुखतो, घाम. दशावतारातल्या राजाने तोंडात बोट घालावं असं काम केलं मी. हिरवा शिक्का होता. झाल्यावर त्या तिन्ही पोरांच्या कानशिलावर बोटं मोडली. एकटा बाहुला तेवढा कोपऱ्यातून बघत होता. त्याला पापण्या नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार

आज आकड्यांचे सर भेटले, श्यामकांत सर. पांढरा शर्ट, कपाळाला आठी नाही की तोंडावर हसू नाही. पाकिटांवर त्यांचीच सही असते. मी विचारलं, कुठल्या पाकिटात काय ते कोण ठरवतं? म्हणाले, कोणी नाही, संगणकाने चिठ्ठ्या काढल्यात, मलासुद्धा ठाऊक नसतं. आणि जे निघालं ते निघालं. पेशंट मध्येच उठून घरी गेला, दुसऱ्याच्या जागी जाऊन बसला, काही केलं तरी त्याला मूळ पाकिटातच मोजायचं.

मी म्हटलं, आमच्या देवळात कौल लावतात तसंच. देवाच्या अंगाला फुलं चिकटवतात, उजवं पडलं की होय, डावं पडलं की नाही. एकदा पडलं की परत विचारायचं नाही.

मग मी आपलं सहज विचारलं, एखादं पाकीट हरवलं तर? तर म्हणाले, हरवलेला मेला असं धरायचं. असं सांगितलं की जणू चहात साखर किती ते सांगताहेत.

अक्षता घरी म्हणाली, ते तसेच आहेत गं, मनावर घेऊ नकोस. पण त्या खोलीत आज एसी बंद होता तरी माझे पाय गार पडले होते.

१५ जानेवारी, बुधवार

सदतिसावं. मला पुरुष केलं. रिक्षावाला, वय सेहेचाळीस, मधमाश्या डसल्या, घसा सुजला. मला हसू येत होतं, पण खाली लाल शिक्का. शिकाऊ मुलीने इंजेक्शन कुठे द्यायचं त्यात वेळ घालवला. मी डोळे मिटून पडले. पडल्या पडल्या असं वाटलं की कोणीतरी अगदी जवळ वाकून बघतंय. डोळे किलकिले केले तर कोणी नाही, बाहुला त्याच्या जागेवर.

चार वाजता खाली उतरले. तळमजल्यावर खरी इमर्जन्सी, तिथे धाकू वॉर्डबॉय आहे. बॉय कसला, साठीला टेकलाय, वेंगुर्ल्याचा, मला वैनी म्हणतो. त्याने चहा दिला. आत्ताच एकजण गेला म्हणाला. रिक्षावाला. पुलाखालच्या पोळ्यातल्या माश्या उठल्या होत्या.

वय विचारलं नाही मी. त्यानेच सांगितलं.

२० जानेवारी, सोमवार

एकोणचाळिसावं झालं. मी धाकूला धरून बसवलं आणि चौतीसपासून सगळी कार्डं तोंडी सांगितली. त्याने मान खाली घातली. जबड्यावाली बाई आली होती, पन्नासची, वाचली. शुक्रवारची कढईतल्या तेलाने भाजलेली मुलगी आली होती, तीही वाचली. कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या, दोन दिवसांच्या पुढे नाही. हिरव्याला हिरवा, लालला लाल.

म्हटलं मेल्या, तुला ठाऊक होतं तर बोललास का नाही. म्हणाला, वैनी, वसुधाबाईंशी बोललो होतो. त्यांनी मग पाकिटात हात घातला. एवढंच म्हणून ट्रॉली घेऊन निघून गेला.

आज मी कोणाच्या कानशिलावर बोटं मोडली नाहीत. भीती वाटली. आपण एवढ्या तोंडभर इडापिडा मागतो, कोणी ऐकत असलं तर.

२२ जानेवारी, बुधवार

अक्षताला सांगितलं. चिडली. म्हणाली, आजी, मुंबईत रोज सगळंच होतं, शोधलं की सापडतं, याला योगायोग म्हणतात. मी म्हटलं, मी नाही जाणार उद्यापासून. तर रडायलाच लागली. पाकिटं अर्धवट राहिली तर सगळे आकडे फुकट, वर्ष जाणार. डोळ्याखाली काळं आलंय पोरीच्या.

सरांनीही बोलावून घेतलं. मला बसायला सांगितलं नाही. म्हणाले, तुम्ही खाली चौकश्या करता असं कळलं. मी विचारलं, तुम्हीच ठरवता काय हे? म्हणाले, मी ठरवत नाही, मी मोजतो. दार त्यांनी स्वतः उघडून धरलं. बाहेर पडताना पाहिलं तर बाहुल्याचं तोंड दाराकडे केलेलं. सकाळी भिंतीकडे होतं.

मग सगळे जेवायला गेल्यावर मी ते केलं. भिंतीवर एक्स-रे बघायचा दिवा आहे ना, तो लावला आणि परवाचं, म्हणजे शुक्रवारचं पाकीट त्यावर धरलं. एकेचाळीस.

स्त्री. वय २९. डॉक्टर. राहणार मुलुंड. अचानक डोक्यात कळ, आयुष्यात कधी झाली नाही अशी. उलटी. मान ताठ.

लाल.

२३ जानेवारी, गुरुवार

मुलुंडात डॉक्टर काय एकच आहे. किती असतील एकोणतीसच्या.

तिला सकाळी विचारलं, डोकं दुखतं का. नाही म्हणाली. दुपारी फोन केला. नाही. चारला केला, तर म्हणाली, आजी, तूच दुखवशील आता.

पाकीट जाळलं तर हरवलं म्हणतील. हरवलेला मेला. मी गेले नाही तर दुसरी कोणी बाई फोडेल. शिक्का शाईचा आहे, कागदात मुरलेला, तो निघायचा नाही. कौल फिरवता येत नाही. पण गावात माझ्या सासूने एकदा नातवाचा ताप अंगावर घेतला होता. देवापुढे उभी राहून म्हणाली, त्याच्या जागी मी. मुलगा उठला, ती तिसऱ्या दिवशी गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फिरवता येत नाही. घेता येतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

झालं. जेवणाच्या सुट्टीत केलं. पाकिटाची कड ओल्या बोटाने भिजवून सोडवली. २९ खोडलं, ७१ लिहिलं. डॉक्टर खोडलं, घरकाम लिहिलं. डब्यातल्या भाताच्या शितांनी परत डकवलं.

मग पडले खाटेवर आणि म्हटलं, मी प्रेमा, वय एकाहत्तर, डोक्यात कळ आली. डॉक्टर पोरं धावली. मी डोळे मिटले. पुन्हा ते वाकून बघणारं आलं. या खेपेला मी मनात म्हटलं, बघ नीट, मीच आहे.

सरांनी कार्ड घेतलं. खोडलेलं त्यांना दिसलं. माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड फायलीत ठेवलं.

घरी येऊन अंघोळ केली, हिरवं लुगडं नेसले. सोन्याच्या चेनचा डबा कुठे ते अक्षताला सांगितलं, कुळथाची पिठी कशी करायची तेही. ती म्हणाली, काय गं आज, जत्रेला निघालीस? मला खूप हलकं वाटतंय. असं सुख मला देवेशच्या बारशाला झालं होतं.

२५ जानेवारी, शनिवार

मला काही होत नाहीये.

डोकं शांत. मान वळते. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अक्षता टेबलावर आकडे भरत बसली होती. मी चष्मा लावून मागे उभी राहिले. एकेचाळीससमोर ती २९ लिहीत होती. म्हटलं, कार्डावर तर ७१ आहे. म्हणाली, हो ना. कोणीतरी खोडून ठेवलंय, सर म्हणाले, कार्डाला विचारू नकोस, मूळ यादीत जे निघालं तेच धर. आणि हसली. आजी, एकोणतीस वर्षांची मुलुंडची डॉक्टर, म्हणजे मीच की गं.

तिने ते तिच्या हाताने भरलं. माझ्यासमोर.

धाकूला फोन केला. वसुधाबाईंच्या पाकिटात कोण होतं ते सांग म्हटलं. त्यांचा मुलगा. मुकुल. त्यांनी वय बदलून स्वतःचं घातलं होतं. मग? वैनी, दुसऱ्या दिवशी मुकुलच आला. बाई जिवंत आहेत. बोलत नाहीत.

म्हणजे घेता पण येत नाही.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. अक्षता आली, पांढरा ड्रेस. मी तिचा हात सोडला नाही. लोक हसले.

नऊ. दुखत नाही म्हणते.

दहा. सुट्टी आहे म्हणून आंबोळ्या केल्या. तीन खाल्ल्या तिने.

अकरा. दोन दिवस होतील आज दुपारी. म्हटलं, चल, हॉस्पिटलात जाऊन नुसती बसू. म्हणाली, आजी, सुट्टी आहे, झोपू दे.

साडेअकरा. झोपलीय. कानशिलावर बोटं मोडली. एकही वाजलं नाही. परत मोडली. एकही –

पावणेबारा. धाकूला सांगून ठेवलं, गाडी तयार ठेव. म्हणाला, वैनी, श्यामकांत सर आलेत. रविवारचे. इमर्जन्सीच्या दारात वही घेऊन बसलेत, कोणाची तरी वाट

उठली. न्हाणीघरात गेली. नळ चालू आहे. नळाचाच आवाज आहे, उलटीचा नाही, नळाचाच

हाक मारते. आजी, म्हणते, जरा इकडे ये ना, माझं डोकं –