बावखलातली सोयरीक

१२ जून
आले बाई वसईला! माझ्या नातीने, सुरुचीने, इथल्या होळी गावात वाडीतलं घर भाड्याने घेतलंय. तिचा माशांचा अभ्यास दांडगा आणि स्वयंपाक शून्य, म्हणून मी. वही तिनेच दिली, रोज लिही म्हणाली. चौथीपर्यंतची माझी अक्षरं, चालवून घ्या. अंगणात केळी, पलीकडे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. दारात तळं, काय भाग्य! माणिकपूरला रिक्षावाल्याने विचारलं, कळशीत काय? म्हटलं, सासरच्या विहिरीतली मरळींची जोडी. नव्या घरच्या पाण्यात जुन्या पाण्यातला मासा सोडायची आमची रीत. सुरुची कॉलेजातून येण्याआधीच हळदकुंकू वाहून सोडल्या.

१३ जून
सुरुचीने कपाळाला हात लावला. इथल्याही मरळीच, म्हणाली, एकाच आजीची नातवंडं. पण मध्ये डोंगर आले, खाड्या आल्या, पाणी तुटलं, आणि ज्याला जसं पाणी तसा तो घडला. आपल्याकडच्या चिखलातून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातात. इथल्या कधी बाहेर पडल्या नाहीत, पण त्यांचे दात बघ. बघितले. खोबरं खवायची खवणी. मी म्हटलं, अगं, सोयरीक झाली! ती हसली नाही. घरमालकीण एलिसाबाय तर कडाडलीच. आमच्या वाडवडिलांनी या बावखलात कोणाला पाय बुडवू दिला नाही, आणि तू म्हातारे कळशी पालथी करून मोकळी! मी दिलेल्या शेवग्याच्या शेंगा कुंपणावरून परत आल्या. एकेक करून.

२ ऑगस्ट
पिल्लं झाली, शेकडो! मी पणजी झाले म्हणायचं. भात टाकला, तोंड लावत नाहीत. काठाशी रांगेत थांबून माझ्याकडे बघतात. मेला मासा कधी माणसाकडे बघतो? मी आणलेली जोडी दिसत नाही. सुरुची म्हणाली, पोरांनीच खाल्ली.

१९ ऑगस्ट
एलिसाबायची बदकं गेली. भरदुपारी. पिसं तिच्या ओट्यावर, आणि ओट्यापर्यंत चिखलात रेघा. शेजारच्या बावखलातही त्या पोचल्यात. ज्या ज्या तळ्यात त्या दिसल्या, तिथे सुरुची नकाशावर ठिपके देते. परवा चार होते, आज अकरा. यांना आईचं चालणं मिळालंय आणि बापाचे दात, म्हणते. वाडीतली माणसं दारात शिव्या देऊन गेली. त्यांचं खरंच आहे. केलं मीच.

२३ ऑगस्ट
सुरुचीच्या घोट्याला धरलं. सात टाके. डॉक्टरला कुत्रा सांगितला. गावी चल म्हणून पाया पडायची बाकी राहिले. नाही म्हणते. आपण पसरवलं, आपण टाकून जायचं का?

२५ ऑगस्ट, सकाळ
वाडीवाले पंप घेऊन आले. बावखल उपसणार. सुरुची ओरडून सांगत होती, पाणी काढलंत तर सगळ्या बाहेर येतील. एलिसाबायने तिला ढकललं, आधी तुझ्या आजीला आवर म्हणाली.

दुपार
पाणी अर्धं झालं— माणसं पंप टाकून पळाली. सुरुची पंपावर चढून उभी. पाय तसला, तिला पळता येत नाही. अंगण सगळं हलतंय. काळं, ओलं—
आवाज ऐकतात त्या. मी भांडं आपटलं तर वळल्या. सगळ्या.

वही फळीवर ठेवतेय. ताट घेऊन केळींकडे जाते वाजवत. माझ्यामागे आल्या की तिला फाटकापर्यंत वाट मोकळी.
सुरुची, मागे वळून बघायचं नाही, सरळ रस्ता धर आणि
उंबऱ्यावर आल्या— पायाला गार