ओट्याचं माप

प्रिय भावना,

ओटा झाला. आधी ते सांगते, कारण परवा फोनवर तू काम कुठवर आलं विचारलंस, तेव्हा फोडणी जळतेय म्हणून मी फोन ठेवला. फोडणीबिडणी काही नव्हती. पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि आता साठीत मला धड खोटंही बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

जीवनचं वर्षश्राद्ध झालं आणि तू अकलोलीला माहेरी गेलीस, ती महिनाभरासाठी. त्याला आता दहा महिने झाले. तू परत यावीस म्हणून मी स्वयंपाकघराचं काम काढलं, हे तुला कळलंच असेल. लग्न होऊन आलीस तेव्हाचा ओटा माझ्या उंचीचा, म्हणजे बुटका. तू ताडमाड. भाकऱ्या थापताना कमरेत वाकायचीस आणि मग जीवनकडून पाठीला बाम चोळून घ्यायचीस. गोदामातली नवी ड्युटी लागली की आधी हिचा ओटा, असं तो म्हणायचा. माझ्या लेकराने एवढं एकच काम मागे ठेवलं होतं, ते मला करायचं होतं.

मग भरवशाचा माणूस शोधणं आलं. धामणकर नाक्यावरच्या एकाने मोबाईलवर चकचकीत फोटो दाखवले, आठ दिवसांत देतो म्हणाला, पण घरी येऊन मोरीत डोकावलासुद्धा नाही. दुसरा माझ्या चुलत भावाचा मेहुणा. घरचंच काम आहे, असं तो तीनदा म्हणाला. घरच्या माणसाला चूक दाखवायची सोय नसते. तरी त्याने शेजारच्या हौसाकडे केलेला ओटा बघायला गेले. ती दूध काढायला वळली, तसं मी तांब्याभर पाणी ओट्यावर ओतलं. ते सिंककडे जायचं सोडून गॅसखाली जाऊन बसलं. हौसा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तिसरा नामा. त्याचं काम बघायला गेले, तर मी तांब्या शोधायच्या आत त्यानेच ओट्यावर पाणी ओतलं. "पान्याला इचारायचं मावशे, मानसाला न्हाय," म्हणाला. पाणी सरळ सिंकमध्ये गेलं. मी तिथल्या तिथे काम त्याला दिलं.

माप घ्यायला आला तेव्हा टेप काढायच्या आधी त्याने विचारलं, "जेवान कोन रांधतंय? तिला हितं उभी करा." रांधणारीच्या कोपराखाली चार बोटं, तेवढी ओट्याची उंची धरायची, अशी त्याची पद्धत. मी म्हटलं, माझं नको, सुनेचं घे. ती कुठे आहे म्हणाला, तर येईल म्हटलं. मग मीच हात वर करून बगलेखाली दोन बोटांवर खूण दाखवली. शेजारी उभी राहून कणीक मळायचीस तेव्हा तुझं कोपर मला तिथेच लागायचं. त्याने ते माप घेऊन वहीत लिहिलं आणि पुढे नाव घातलं, भावना.

गेल्या आठवड्यात तुझी आई, बायजाबाई, ओटा बघायला म्हणून आल्या. ग्रॅनाइटवरून हात फिरवता फिरवता रडायला लागल्या. मग कळलं सगळं. वाड्याच्या त्या शिक्षकांचं स्थळ आलंय, माणूस सालस आहे, तुलाही पसंत आहे. तरी तू नाही म्हणतेस. का, तर आईंनी माझ्यासाठी ओटा बांधलाय, आता कुठल्या तोंडाने जाऊ. भावना, मी तुला बोलवायला बांधला गं, बांधून घालायला नाही. त्या गेल्यावर मी खूप रडले. तुला धरून ठेवणारी मीच निघाले.

दुसऱ्या दिवशी नामाला बोलावलं, उंची कमी करून दे म्हटलं. तो म्हणाला, कमी होत नाही, फोडावाच लागेल, फोडू का? माझ्या तोंडून हो निघेना. दोन दिवसांनी तो न सांगता आला आणि जुन्या कपाटाच्या फळीचा एक पाट ओट्यापुढे ठेवून गेला. घसरू नये म्हणून खाली रबर ठोकलंय. त्यावर चढले की मला कढईचा तळ दिसतो.

म्हणून हे पत्र. तू आता परत यायचं नाहीस. हे वाक्य मी चारदा खोडलं आणि पाचव्यांदा लिहिलंय, ते खोडू नकोस. त्या माणसाला हो म्हण. घर खायला उठतं, मी नाही म्हणत नाही, पण तो माझा आणि जीवनचा प्रश्न आहे, तुझा नाही. लग्नानंतर दोघं या, एकदा या ओट्याशी ताठ उभी राहून चहा कर, मला बघायचंय. आणि त्यांच्या घरचा ओटा आधी नीट बघून घे. बुटका असला तर भिडेखातर वाकत बसू नकोस, नामाला बोलाव. त्याचा नंबर मागे लिहिलाय. तुझं माप त्याच्या वहीत आहे.

तुझीच,
आई