कादंबरीतल्या तांत्रिक चुका

२ मार्च, सोमवार
एव्हेलिओची कादंबरी गावात आली. भातशेतीच्या मालकाने गावाची पाणथळ जमीन कुंपण घालून गिळली आणि सगळे गप्प बसले, असा विषय. मी वाचणार नाही. चार वर्षं एव्हेलिओ दर शनिवारच्या लाँचने माझ्याकडे यायचा. मग यायचा थांबला. प्रकरण बंद. मला कादंबरीत घातलं असेल, तर मात्र लेखी हरकत घेणार.

४ मार्च
विकत घेतली. फक्त माझ्या पंपगृहाचे तपशील तपासायला.
कोण कुठल्या पानावर, ते ठरवायला गाव नेमेसिओ न्हाव्याच्या दुकानात जमतं. शिवणकामवाली झोराइदा संतापली होती: "मेला लिहितो, माझी जीभ कात्रीपेक्षा लांब!" तिने तीन प्रती घेतल्या, बहिणींना पाठवायला. नेमेसिओने विचारलं, "इंजिनीअरबाई, तुम्ही कुठल्या पानावर?" म्हटलं, वाचायला वेळ कुठे आहे.

७ मार्च, शनिवार
अर्धी झाली. अजून मी नाही. महत्त्वाची माणसं उत्तरार्धात येतात.
संध्याकाळी ट्रापोला धक्क्यावर नेलं. शनिवारी नेतेच. नदीवरची हवा कुत्र्यांना मानवते.

१० मार्च
संपली. पंपगृहात एक इंजिनीअर आहे: पन्नाशीचा, टकला, मालक सांगेल तिकडे पाणी सोडणारा. म्हणजे मीच. ओळखू येऊ नये म्हणून टक्कल.
नेमेसिओ म्हणाला, "अहो, हा तुमच्या आधीचा अबुंदिओ! त्या डोक्याने माझा धंदा बुडवला होता."
न्हाव्याला साहित्यातलं काय कळतं.

१३ मार्च
उद्या एव्हेलिओ जाहीर वाचनाला येतोय. सहा तांत्रिक चुका काढल्यात. सांगायच्या आणि निघायचं. निळ्या ब्लाउजला इस्त्री केली. राहिलीच होती.

१४ मार्च, शनिवार
गाव त्याला शिव्या द्यायला आलं आणि सह्या घेऊन गेलं. झोराइदाने "निर्लज्जा!" म्हणत त्याला तळलेली केळी भरवली.
माझी पाळी आली. पंपाचा दाब चुकलाय, मी म्हणाले. तो हसला. "अगं, मी गावावर लिहिलंय, पंपावर नाही." मग विचारलं, ट्रापो कसा आहे. बरा आहे, म्हटलं. त्याने माझ्या प्रतीवर लिहून दिलं: 'ट्रापोला, प्रेमाने.'
सातवी चूक सांगायची राहिली. पान २०३. दर शनिवारी एक बेवारस कुत्रा धक्क्यावर येतो, लाँचमधून उतरणारा प्रत्येक चेहरा बघतो आणि परत जातो.
ट्रापो बेवारस नाही. तिथे तो एकटा कधीच गेलेला नाही.