घडीवर आलेला चेहरा

३ मार्च

चि. कटकट हिला मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या नव्या रेकॉर्डची टेप ऐकली. एक माणूस विहीर खणत खणत पृथ्वीच्या पलीकडे निघतो, एवढ्या गोष्टीला तुमच्या रॉक बँडने रेकॉर्डच्या दोन्ही बाजू खर्ची घातल्या. मला महाकाव्यांची आठवण झाली. तिथेही पहिला सर्ग संपेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. तुझा तो लंगडा ताल बोटांवर मोजला. चार, सहा, सात. बाई, हे तर मंदाक्रांतेचे यती! वर्गात पोरं जिथे हमखास झोपतात, तिथे तुम्ही ड्रम बडवता.

आता खरं पत्र. तुला कळवणार नाही असं तुझ्या बाबांना कबूल केलं होतं, म्हणून शाळेत बसून लिहितोय. त्यांच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटत चाललाय. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब भरती व्हा, उशीर केलात तर हा डोळा जाईल. डाव्यात काय शिल्लक आहे ते तुला ठाऊकच आहे. आणि हे गृहस्थ घरी बसलेत, कारण रेकॉर्डच्या कव्हरचं चित्र त्यांनी परवा तुला पाठवलं आणि तुमची पसंती अजून आलेली नाही. म्हणतात, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण दुरुस्ती न सांगणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही; एकदा पट्टी बसली की दुरुस्ती कोण करणार? ताईने रडून पाहिलं, मी शास्त्राधार देऊन पाहिले. रडण्याचा परिणाम जास्त झाला, म्हणजे त्यांनी तिला चहा करून दिला. तेव्हा पसंती तातडीने पाठव.

लोभ आहेच, टपालात तो झिजू नये.

तुझा,
मामा


६ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चित्र पोचलं. विहिरीच्या तळातून वर बघणारा तो माणूस, त्याच्या गालावरचा ओला चिखल... बँडमधले सगळे चित्राभोवती जमले. मग आमच्या ड्रमवाल्याने चित्राच्या मधोमध मोजपट्टी उभी धरली आणि घोळ माझ्या लक्षात आला.

मामा, कव्हर घडीचं आहे, पुस्तकासारखं उघडणारं. दुकानात फक्त उजवा अर्धा भाग दिसणार. मी बाबांना लांबी-रुंदी कळवली, घडीचं सांगितलंच नाही. पाटीला घडी नसते आणि पाटीवर जे महत्त्वाचं ते मधोमध, हे तर त्यांच्या हाडात मुरलेलं. चेहरा बरोबर घडीवर आलाय. एक डोळा पुढे, एक मागे.

ड्रमवाला म्हणतो, नवं काढून घे, नाहीतर विहिरीचा फोटो लावू. छापखाना थांबणार नाही. डोळ्याचं सांगितल्यावर ओशाळला, पण फोटोवरून हलला नाही. बाबांना खरं कळवलं तर ते त्याच डोळ्याने पुन्हा चित्र काढायला बसतील. तू त्यांना सांग की चित्र जसंच्या तसं छापताहेत, एकही दुरुस्ती नाही. मी लिहिलं तर माझ्या अक्षरावरून ओळखतील. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुझी थाप चालेल.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कटकट


८ मार्च

चि. कटकट हिला आशीर्वाद. वि. वि.

थाप मारली. इतकी वर्षं व्याकरण शिकवल्यामुळे वाक्य निर्दोष झालं, एवढंच समाधान. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच काही नाही? चेहरा फार मोठा नाही ना वाटला? मी म्हटलं, नाही भाऊजी. मग पोराला शाळेत पाठवावं तशी ताईने त्यांची पिशवी भरली. उद्या ऑपरेशन.

पण यातली मेख तुझ्या लक्षात आली का? डोळा वाचला तर ते आधी कव्हर मागतील आणि मी तोंडघशी पडेन. थाप पचली, तर समजायचं की डोळा गेला. आपली लबाडी पकडली जावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच हात जोडतोय.

या नव्या लबाडावरही लोभ असू दे.

मामा


२६ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

छापलेलं कव्हर पाठवतेय. फोटो नाही, बाबांचंच चित्र आहे. तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मला ते खोटं राहू देववेना. ड्रमवाल्याशी कडाक्याचं भांडले. फोटो लावायचा तर टेपवरून माझा आवाजही पुसा म्हटलं. त्याने चित्र पुन्हा हातात घेतलं. मग स्वतःच म्हणाला, अर्धा का होईना, बघतो मात्र रोखून.

बाबांना हे पटणार नाही, ठाऊक आहे. पट्टी सुटल्याचं आईने लिहिलंय, पण दिसतं का याबद्दल एक अक्षर नाही. कव्हर तू स्वतः त्यांच्या हातात दे आणि जे होईल ते कळव. साखर घालून नको.

लोभ ठेवशील हे विचारत नाही, धरून चालते.

कटकट


३० मार्च

चि. कटकट हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईने लिहिलं नाही, कारण तिलाही माहीत नव्हतं. काय दिसतं विचारलं की ते म्हणत, उजेड आहे, धुकं आहे, आणि विषय बदलत.

कव्हर आज हातात दिलं. त्यांनी घडी उघडली, मिटली, परत उघडली. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. ताई दारात पदर चावत उभी. मग उठून कव्हर खिडकीच्या उजेडात नेलं. शेवटी विचारलं, माणसाच्या तोंडावर घडी घालणारा शहाणा कोण?

मी सगळं सांगून टाकलं. तुझ्यासाठी ‘मूर्ख’ आणि माझ्यासाठी ‘लबाड मास्तर’ अशा पदव्या मिळाल्या; त्या आम्ही दोघांनी नम्रपणे स्वीकाराव्यात. फोटो लावला असता तर बरं झालं असतं, असंही ऐकवलं. पण घडी बोटालाही कळते, म्हणून डोळा वाचला असं मला अजून म्हणवेना.

मग कव्हर हातभर लांब धरून ते म्हणाले, आणखी एक चूक आहे, ती माझी. विहिरीच्या काठाशी, तडा गेलेल्या दगडाखाली ब्रशाचा एक केस रंगात चिकटलाय आणि तोही छापला गेलाय. चित्र पाठवताना मला दिसला नव्हता, तिला तसं कळव.

ताईने वाकून पाहिलं, तिला दिसेना. मी चष्मा पुसला, कव्हर उन्हात नेलं, शेवटी शाळेतलं भिंग आणलं. एवढं लिहून झालं तरी मला तो केस सापडलेला नाही.

तिघांचाही लोभ आहे. एकाचा आज जरा रागाने.

तुझा,
मामा