गोळ्यांना रामराम

७ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ. (आज द्यायची इच्छा नव्हती, पण मोठी बहीण पडले.)

काल सकाळी आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं आणि बाईसाहेबांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं, तर जुन्या अल्सरमधून रक्त जात होतं. डॉक्टरीणबाईंनी अल्सरच्या रोजच्या गोळ्यांचं विचारलं, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, की माझ्या मुलानेच बंद करायला सांगितल्या.

म्हणजे तू! ग्रीन टीच्या डब्यातलं पत्रक तिने फ्रिजवर लावलंय. पांढऱ्या कोटात तू दात दाखवतोयस आणि खाली लिहिलंय, पोटातले चांगले जिवाणू वाढवा, गोळ्यांना रामराम ठोका. तेव्हापासून ही रोज अनशापोटी काढ्यासारखा कडू चहा पितेय. वर शेजाऱ्यांनाही डबे वाटलेत!

मी पडदे शिवणारी बाई, तुझं शास्त्र तुझ्यापाशी. पण हे तू बोललास की नाही, एवढं सरळ सांग. आई आता शुद्धीत आहे, रक्त चढवलंय.

राग आहे, माया आहेच.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

काल फोनवर आईचा आवाज ऐकला, तेव्हा कुठे हात लिहिता झाला. ताई, मी ते बोललो नाही.

त्या चहाच्या कंपनीचा माणूस आमच्या प्रयोगशाळेत आला होता. त्याला मी म्हणालो, की या चहातले काही घटक वर पचत नाहीत, मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू ते फोडतात. आमच्याकडच्या मोजक्या धडधाकट माणसांत काही चांगले जिवाणू थोडे वाढलेले दिसले. त्याने दुखणं बरं होतं का, हे आम्ही तपासलेलंच नाही. गोळ्या तर कुणीच सोडू नयेत, आणि नाजूक पोटाला रिकाम्या पोटी हा चहा बाधूही शकतो. त्या भामट्यांनी माझं बोलणं अर्ध्यावर कापलं आणि स्वतःचं शेपूट जोडलं!

मोठ्या साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, की आपलं नवं यंत्र कंपनीनेच दिलंय, जाहिरातीत थोडं इकडेतिकडे व्हायचंच. मी म्हणालो, की ते इकडेतिकडे म्हणजे माझी आई आहे. शनिवारी कंपनीने दुकानदारांना जमवलंय, मला मंचावर मिरवायचंय त्यांना. मिरवू देत. मी सगळं बोलणं पूर्ण करूनच खाली उतरणार. नोकरीवर बेतलं तर बेतलं.

आईला जप. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
छोट्या

२ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

त्या शनिवारी तू बोलायला लागल्यावर कंपनीवाल्यांनी माईक बंद केला आणि तू तसाच ओरडून बोललास, हे तुझ्या ताईने सांगितलं. पत्रकं मागे घेतली, पण तुलाही त्या कामावरून काढून बाटल्या विसळायला बसवलं म्हणे. ऐकून अंगाचा तिळपापड झाला. खोटं छापणारे खुर्चीत आणि खरं बोलणारा मोरीत!

मीही गप्प बसले नाही. गोळ्या पुन्हा सुरू आहेत, पायात बळ आलंय. ज्यांना डबे वाटले त्यांच्या दारात स्वतः गेले. चहा हवा तर प्या, म्हटलं, पण औषध सोडाल तर गाठ माझ्याशी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तुझा फोटो काचेवरून काढायला टाळाटाळ केली, तेव्हा मीच नखाने खरवडला.

आता तुझा नंबर. मी भोळी म्हणून फसले, असं तुम्ही दोघं एकमेकांना लिहिताय ना? भोळी नाही रे. इतकी वर्षं तुझं काम काय म्हणून विचारलं, की तू म्हणायचास, आई, तुला नाही कळायचं. त्या पत्रकात पहिल्यांदा माझ्या मुलाचं काम मला कळेल अशा भाषेत लिहिलेलं होतं. मी विश्वास ठेवला तो तुझ्यावर. खरं तू सांगितलं असतंस, तर खोटं वाचायला मी गेलेच नसते.

रजा काढ आणि ये. समोर बसून ते जिवाणू कोण, कुठे राहतात, काय खातात, सगळं सांग. नाही कळलं तर पुन्हा विचारीन. लहानपणी तूही तेच तेच विचारायचास. तुला नाही कळायचं, असं मी कधी म्हटलं नाही.

वाट पाहते.
तुझी आई