भावोजींच्या टाचेखालचा चेंडू

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण त्या परदेशवारीनंतर कंबर एकदा खाली गेली की वर यायला दोन माणसं लागतात, तेव्हा हा उभ्याउभ्याचा नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? आणि मुख्य म्हणजे भावोजींची टाच? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी आणलेला चेंडू ते रोज टाचेखाली घोळवतात ना? (आत्ता घोळवत बसले असतील तर पत्र वाचून होईपर्यंत थांबायला सांग. कारण पुढे येईल.) पत्राच्या सुरुवातीला ‘विनंती विशेष’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. माझी विनंती आहेही आणि विशेषही आहे, पण ती पहिल्या पानावर करायची हिंमत होत नाही.

स्पर्धेचं सविस्तर कळव म्हणालीस, म्हणून कळवतो. आमच्या शेंडेफळाची सोळा वर्षांखालच्या हौशी मुलींच्या गोल्फ संघात निवड झाली, तेव्हा दुकानात आलेल्या एकाही गिऱ्हाईकाला मी ती बातमी ऐकवल्याशिवाय सोडलं नाही. (नाकावर तपासणीची फ्रेम चढवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. चष्म्याच्या धंद्यात तेवढं एकच सुख आहे.) ही दुकान सांभाळायला मागे राहिली आणि मुलीबरोबर मी निघालो. आता वाटतं, उलट झालं असतं तर एका मुलीचं आयुष्य मार्गी लागलं असतं.

स्पर्धा अशी असते बघ. वीस देशांचे वीस संघ, प्रत्येकी तीन मुली. तीन दिवस तिघींनी खेळायचं, पण रोज चांगल्या, म्हणजे कमी फटके लागलेल्या दोघींचेच फटके मोजायचे आणि तिसरीचे सोडून द्यायचे. (आपल्या तिघा भावंडांना ही पद्धत लावली असती तर रोज कोण सुटलं असतं ते तू तोंडावर बोलणार नाहीस, एवढी तुझी माया आहे.) पहिल्या दहा संघांना पुढच्या वर्षीचं थेट आमंत्रण. अकराव्याला टाळ्या.

आम्ही पालक एका वसतिगृहात उतरलो होतो. माझ्या खोलीत संघातल्या दुसऱ्या मुलीचे वडील होते, ते दंतवैद्य. बोलताना ते माझ्या दाढांकडे बघायचे आणि मी त्यांच्या चष्म्याच्या वाकड्या काडीकडे, त्यामुळे एकमेकांचं म्हणणं कुणीच ऐकलं नाही आणि मैत्री टिकली. संघाच्या कप्तानबाई एरवी शाळेत कवायत शिकवतात. त्यांनी पहिल्याच सकाळी आम्हाला रांगेत उभं करून बजावलं, की पालकांनी कडेच्या पायवाटेवरच चालायचं, मुलींशी बोलायचं नाही, हातवारे नाहीत, मानही हलवायची नाही, तो सल्ला समजतात आणि दंड बसतो. बापाने मुलीला सल्ला द्यायचा नाही असा हा खेळ! मला तर पायवाटेवर धाप लागायची ती न बोलण्यानेच.

आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे या खेळात पंच मागे मागे फिरत नाही. चूक झाली की खेळणाऱ्याने स्वतःच हात वर करून सांगायचं आणि स्वतःच दंड लावून घ्यायचा. मी दंतवैद्यांना म्हटलं, हा खेळ मोठ्या माणसांना कसा काय जमत असेल? ते म्हणाले, तुमची डावीकडची दाढ हलतेय.

तर तिसरा दिवस. आम्ही काठावर, नववे-दहावे. शेंडेफळ चौदाव्या खड्ड्याकडे फटका मारणार होतं आणि मी बराच पुढे, डावीकडच्या पायवाटेवर, एका झाडाखाली उभा होतो. तिने मारला. चेंडू उजवीकडच्या काटेरी झुडपात गेला. गेला म्हणजे, मी पाहिला. लांबचा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता आणि माझी नजर म्हणजे, तुला माहीतच आहे. एवढ्यात माझ्या मागच्या झाडीतून टक्क असा आवाज झाला आणि एक चेंडू घरंगळत माझ्या बुटाशी आला. कुठल्यातरी दुसऱ्या खड्ड्यावरचा चुकार चेंडू असणार. मला तुझे शब्द आठवले: तिकडे चेंडू इकडेतिकडे पडलेलेच असतील, यांच्या टाचेसाठी एक उचलून आण. उचलला. डोळ्यांजवळ धरून पाहिला तर निळसर काहीतरी फिसकटलेलं दिसलं. जवळचा चष्मा खोलीवर होता. (दुभिंगी चष्मा घ्या म्हणून मी तीस वर्षं लोकांच्या मागे लागतो. स्वतः घेत नाही. त्याने माणूस वयस्कर दिसतो.) जुना, रंग उडालेला असेल म्हणून खिशात टाकला.

मग शोधाशोध. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात. कप्तानबाई धावत आल्या, कुठे गेला, कुठे गेला? मी नियम मोडून बोललो, बाई, मी चष्म्याचा माणूस आहे, माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडे गेला. झालं! अख्खा संघ, दंतवैद्य, परक्या देशांच्या दोन आया, सगळे उजवीकडच्या काट्यांत. सर्वांत पुढे मी, गुडघ्यांवर. परक्या देशाच्या एका आईने माझ्या ओरबाडलेल्या हातावर पट्टी लावली, डोळ्यांत पाणी आणून. तीन मिनिटं संपली. चेंडू हरवला. शेंडेफळ मागे गेलं, पुन्हा मारलं, वर एक फटका दंड.

शेवटच्या खड्ड्यावर दंतवैद्यांच्या मुलीने गवतात चेंडूमागे काठी टेकवली आणि तिने एकदम हात वर केला. चेंडू हलला, म्हणाली. कुणालाही दिसलं नव्हतं. एक फटका दंड. आणि आम्ही अकरावे आलो, एका फटक्याने.

परतीच्या विमानात दोघी मुली एकमेकींच्या हातात हात घालून रडत होत्या. ती म्हणे माझ्यामुळे, ही म्हणे माझ्यामुळे. मधल्या आसनावर मी, त्यांना रुमाल पुरवत. ज्या खिशातून रुमाल काढत होतो, ताई, त्याच खिशात चेंडू होता.

घरी येऊन मी चेंडू न बघताच तुला पाठवला आणि शेंडेफळाने काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकली. सरळ मारता येत नाही त्याने मारू नये, एवढंच बोलली. जेवते, शाळेत जाते, पण घरात जणू भाडेकरू आहे. आणि परवा तुझं पत्र आलं. टाचेला आराम आहे, आणि खाली गंमत म्हणून तू लिहिलंस: चेंडूवर कुणीतरी निळ्या शाईने छोटा चष्मा काढलाय, आता चेंडूंवरही दुकानाची जाहिरात करतोस का रे?

ताई, प्रत्येक खेळाडू आपला चेंडू ओळखू यावा म्हणून त्यावर खूण करतो. आमचं शेंडेफळ चष्मा काढतं. बापाचा धंदा म्हणून.

तुझं पत्र मी जवळचा चष्मा लावून तीनदा वाचलं. तिन्ही वेळा चष्माच निघाला.

भावोजींना नमस्कार, टाचेला काळजी घ्यायला सांग.

तुझा,
सोडून द्यायच्या लायकीचा भाऊ

ता. क. विनंती अशी की कापसावर थोडं स्पिरिट घेऊन ती खूण पुसून टाक, हे पत्र फाडून टाक आणि भावोजींना काही कळू देऊ नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मुलं विसरतात. मीही विसरेन.

आणखी एक ता. क. पत्र दोन दिवस दुकानाच्या खणात पडून राहिलं. काल दंतवैद्यांच्या मुलीचा फोन आला होता. तीही खेळ सोडतेय, म्हणाली, हात वर केला नसता तर बरं झालं असतं. शेंडेफळ तिला फोनवर समजावत होतं आणि मी दारामागे उभा. तेव्हा वरची विनंती रद्द. स्पिरिट लावू नकोस. मी आत गेलो आणि सांगितलं. शेंडेफळ इतकं बोललं की इथे लिहीत नाही, तुझ्याकडे लहान नातवंडं आहेत. नंतर समोर बसवून मला दंतवैद्यांच्या मुलीला आणि कप्तानबाईंना फोन करायला लावले. बाईंनी फोनवरच मला सावधान उभं केलं. पुढच्या वेळी आई येणार, असं ठरलंय. म्हणजे पुढची वेळ आहे. पिशवी माळ्यावरून खाली आली आहे आणि चेंडू भावोजींकडेच राहू दे म्हणते, फक्त खूण झिजू देऊ नका.

शेवटचा ता. क. आज संध्याकाळी शेंडेफळाने मला माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचा म्हणाली. तीस वर्षं तो तक्ता मला पाठ आहे, ताई. डोळे मिटूनही म्हणून दाखवला असता आणि तिला पत्ता लागला नसता.

मी हात वर केला. दिसत नाही, म्हटलं.