सिंह असलेला मग

३ जानेवारी
आज लिलावात बाजी मारली. इंग्लंडच्या कुठल्याशा राजाच्या राज्याभिषेकानिमित्त काढलेला चिनी मातीचा मग. बाहेरून राजा-राणी, आत तळाला शेंदरी सिंह. टक्कलवाला कायम माझ्याविरुद्ध बोली लावतो, आज तिसऱ्या बोलीलाच गारद. तो मग हातात देताना लिलाववाला म्हणाला, शोभेला ठेवा हं, वापरू नका. नवख्यांना सांगायच्या गोष्टी. बायको म्हणाली, आणखी एक? दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी
संकल्प : हा मग रोज वापरायचा. वापर नसला की चिनी मातीची झिलई मरते. माझं स्वतःचं संशोधन. मला चहा स्टीललाच बरा लागतो, पण आई सकाळी लिंबाचा रस घेते. रात्रीच मगात भरून ठेवायचा, मुरला की अंगी लागतो. आई म्हणाली, आण बाबा, राणीसारखी पिते. बायको हसून हसून खाली बसली. घरात एक तरी कदरदान आहे.

२० जानेवारी
आईचं पोट दुखतं. वय झालं. बायको म्हणते, तो मग बंद करून बघा. हिचा त्याच्यावर पहिल्यापासून डूख.

११ फेब्रुवारी
आईला जेवण जात नाही. रस मात्र शेवटच्या थेंबापर्यंत संपवते, म्हणजे गुण येतोय. रस वाढवला. सिंहाची शेपटी पुसट झालीय. भांडीवालीला झापलं. ती म्हणते, नुसत्या पाण्याने विसळते. चोराच्या उलट्या बोंबा.

२ मार्च
आईचे हात थरथरतात. काल मला दादा म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ, जाऊन कैक वर्षं झाली. उतारवयात माणूस जुन्यात रमतं. मीही जुन्यातच रमतो, तिच्यावरच गेलोय. सिंहाला आता तोंड नाही.

१४ मार्च
लिलावात टक्कलवाला भेटला. रंग जातोय म्हटलं. त्याने विचारलं, आंबट घालता का त्यात? म्हटलं, फक्त लिंबाचा रस, तोही आईसाठी. तो माझा दंड धरून म्हणाला, अहो, त्या रंगात शिसं असतं, आधी आईला डॉक्टरकडे न्या. हरलेल्या बोलीचा जळफळाट, दुसरं काय! तरी आज रस भरला नाही. उगाच आपलं. लिंबं संपली होती असं बायकोला सांगितलं.

१६ मार्च
आईला पहाटे आकडी आली. दवाखान्यात ठेवलंय. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, यांना खायला-प्यायला कोण देतं? मी म्हणालो, मी. पुढे बरंच सांगायचं होतं, झिलईबद्दल वगैरे. मला फार भीती वाटतेय.

२१ मार्च
आई शुद्धीवर आहे, पण मधूनमधून भरकटते. सकाळी नर्सने मोसंबीचा रस पुढे केला तर तोंड फिरवलं. म्हणाली, लिंबाचा नको गं, पहिल्या दिवसापासून मळमळायचं त्याने. नर्सने विचारलं, तरी रोज का पीत होतात आजी? आई म्हणाली, सगळे हसतात माझ्या पोराला, मी तरी नको का प्यायला. बायकोने हे मला जिन्यात सांगितलं आणि तिथेच रडली.
दुपारी आत गेलो. मला बघून आईने हात पुढे केला. म्हणाली, दे इकडे, पिऊन टाकते.